बद्धकोष्ठ आणि गुदवर्ती : उपयोग, पद्धत व मर्यादा

शरीराच्या काही तक्रारी चारचौघांत बोलून दाखविण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. ताप, डोकेदुखी, गुडघेदुखी यांविषयी मनुष्य पारावर बसूनही मोकळेपणाने बोलतो. परंतु चार दिवस शौचास झालेले नाही, ही गोष्ट तो घरातील माणसांनाही सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला तरी ‘अन्नावर वासना नाही’, ‘पोट जड वाटते’, ‘अंगात कणकण आहे’ अशा आडवळणाने तो सुरुवात करतो आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने खोदून विचारल्यावर खरे दुखणे बाहेर पडते. मग केव्हा केव्हा गुदमार्गाने ठेवावयाची गोळी लिहून दिली जाते. ती कशी वापरावी हे विचारण्याचे धैर्य रुग्णास होत नाही आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत ते समजावून सांगण्यास कोणास सवड नसते.

याचा परिणाम काय होतो, हे आरोग्यसेविकांना चांगले ठाऊक आहे. ‘ही गोळी आत ठेवा’ एवढेच सांगितले तर ती तोंडातच जाते. कोणी ती वेष्टणासकट ठेवतो आणि त्या कडक वेष्टणाने आतील नाजूक त्वचेस इजा होते. स्त्रियांना योनिमार्गात ठेवावयाच्या गोळ्याही दिल्या जात असल्याने दोन मार्गांची गल्लत होते. यांपैकी एकही चूक अडाणीपणाची म्हणता येणार नाही. ती अपुऱ्या सूचनेची आहे. इंग्रजीतील ‘सपोझिटरी’ या शब्दास रोजच्या बोलीत रुळलेला प्रतिशब्द नाही, ही त्यातील खरी अडचण. या लेखात ‘गुदवर्ती’ हा शब्द योजिला आहे. वर्ती म्हणजे वात. आयुर्वेदास ही कल्पना नवी नाही. चरकसंहितेत उदावर्ताच्या चिकित्सेत गेळफळादी द्रव्यांच्या फलवर्तीचा निर्देश आहे. तथापि, आजीबाईंना सांगताना ‘संडासच्या जागेतून आत सरकवायची गोळी, खायची नाही’ असेच सांगावे. तेथे संकोच करून चालत नाही.

बद्धकोष्ठ कशास म्हणावे

रोज सकाळी एकदा पोट साफ झालेच पाहिजे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. वैद्यकशास्त्र इतके कडक नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचे प्रमाण निरोगी माणसांत आढळते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ खड्यासारखा कठीण असणे, फार कुंथावे लागणे आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळे न वाटणे ही बद्धकोष्ठाची लक्षणे होत. म्हणजे दिवस मोजण्यापेक्षा मळाचे स्वरूप व होणारा त्रास पाहणे अधिक योग्य. एक दिवस चुकला म्हणून रेचक घेणारी माणसे पुष्कळ आहेत. रेचकाने आतडे पूर्ण रिकामे झाले की पुढील दोन दिवस शौचास न होणे स्वाभाविकच असते. परंतु त्यास पुन्हा बद्धकोष्ठ समजून पुन्हा रेचक घेतले जाते आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते.

मोठ्या आतड्याचे एक काम उरलेल्या अन्नरसातील पाणी शोषून घेण्याचे आहे. मळ तेथे जितका अधिक काळ रेंगाळेल तितका तो कोरडा होतो आणि जितका कोरडा तितका पुढे सरकण्यास कठीण. तो गुदाशयात उतरला की वेग जाणवतो. हा वेग दाबून धरला तर थोड्या वेळाने तो विरतो आणि वारंवार दाबल्यास गुदाशयाची जाणीवच बोथट होत जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेग धारण करू नयेत यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे व त्यात मळाच्या वेगाचाही समावेश आहे.

वेग दाबण्याची कारणे मात्र नेहमी व्यक्तीच्या हाती नसतात. शौचालय नसलेल्या घरातील स्त्री पहाटेच्या अथवा सायंकाळच्या अंधाराची वाट पाहत दिवस काढते, आणि वेळीअवेळी जावे लागू नये म्हणून जेवणही कमी करते आणि पाणीही. राज्यात २००० साली सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान व २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे शौचालये मोठ्या संख्येने बांधली गेली. पण ज्या शौचालयात पाणी नाही अथवा ज्याचे दार लागत नाही ते वापरले जात नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बांधकामाच्या नोंदीत असलेले शौचालय आणि वापरात असलेले शौचालय यांतील अंतर काही वेळा अशा दुखण्यांच्या रूपाने दवाखान्यात दिसते.

इतर कारणांपैकी आहार हे सर्वपरिचित आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाच्या २००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसह डाळी व उसळी, पालेभाज्या, पेरू यांतून ते सहज मिळतात. मैद्याची बिस्किटे व पाव यांतून मिळत नाहीत. औषधांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, अॅल्युमिनियमयुक्त आम्लनाशके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, रक्तदाबावरील व नैराश्यावरील काही औषधे यांनी बद्धकोष्ठ होते. गरोदर स्त्रीस १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. त्या काळात आधीच आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, त्यात लोहाने मळ काळा व कठीण होतो आणि कित्येक स्त्रिया कोणास न सांगता गोळ्या बंद करतात. रक्तक्षयाविरुद्धची सारी खटपट अशा वेळी या लहानशा त्रासापाशी अडते. गोळी बंद न करता बद्धकोष्ठाचा उपाय विचारावा, हे आशा कार्यकर्तीने गोळ्या देतानाच सांगून ठेवले तर पुष्कळ काम होईल.

गुदवर्ती काय करते

तोंडाने घ्यावयाच्या रेचकांना वेळ लागतो. इसबगोल हे खरे पाहता रेचक नसून मळास आकार व ओलावा देणारे द्रव्य आहे. त्याचा पूर्ण गुण येण्यास दोन-तीन दिवस जातात. लॅक्ट्युलोजच्या पातळ औषधास एक ते दोन दिवस, सोनामुखी अथवा बिसॅकोडिलच्या गोळीस सहा ते बारा तास. गुदवर्तीचा परिणाम पंधरा मिनिटांपासून एका तासाच्या आत होतो. कारण ती जेथे अडचण आहे तेथेच काम करते. मळ गुदाशयापर्यंत उतरला आहे पण बाहेर पडत नाही, अशा अवस्थेत ती उपयोगी. मळ वरच्या भागातच अडून असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, हेही यावरून लक्षात येईल.

सामान्यतः दोन प्रकारच्या गुदवर्ती वापरात आहेत. पहिली ग्लिसरीनची. ती आसपासच्या पेशींतून पाणी ओढून घेते, मळास वंगण देते आणि गुदाशयाच्या अस्तरास सौम्य चेतना देऊन वेग निर्माण करते. ती मुलांसाठी लहान व प्रौढांसाठी मोठ्या आकारात मिळते. १७७९ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने ऑलिव्हच्या तेलापासून प्रथम वेगळे केलेले हे ग्लिसरीन साबण तयार करताना जोडउत्पादन म्हणून निघते. खेड्यापाड्यांत मुलास शौचास होत नसेल तर साबणाची कांडी ठेवण्याची जी जुनी चाल होती तिच्याशी याचे लांबचे नाते आहे, असे गमतीने म्हणता येईल. नाते असले तरी गुण मात्र एक नाहीत. साबण क्षारयुक्त असल्याने त्याने आतील नाजूक त्वचेचा दाह होतो, क्वचित जखमही होते. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तान्ह्या बाळास लावण्याची पद्धतही अद्याप काही घरांतून आहे. देठाच्या टोकाने इजा होण्याचा संभव असतो आणि स्वच्छतेची तर शाश्वतीच नाही. या दोन्ही चाली बंद व्हाव्यात हे बरे.

दुसरी गुदवर्ती बिसॅकोडिल या औषधाची. प्रौढांसाठी १० मिलिग्रॅम व मुलांसाठी ५ मिलिग्रॅम हे तिचे नेहमीचे प्रमाण. हे औषध मोठ्या आतड्याच्या अस्तरातील मज्जातंतूंना चेतविते व आतड्याचे आकुंचन घडविते. साहजिकच ते ग्लिसरीनपेक्षा तीव्र आहे आणि पोटात थोडी कळ अथवा गुदमार्गात जळजळ होऊ शकते. मुलांना ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

वापरण्याची रीत

वेळ निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटात अन्न अथवा गरम पेय गेले की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. सकाळच्या चहानंतर अनेकांना शौचास जावेसे वाटते त्याचे कारण हेच. न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी गुदवर्ती ठेवल्यास या नैसर्गिक हालचालीची तिला जोड मिळते. शौचालय जवळ व मोकळे असावे, हे सांगण्याची गरज वाटू नये. पण चाळीत सामाईक शौचालय वापरणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. गोळी मऊ झाली असेल तर वेष्टण न काढता थोडा वेळ थंड पाण्यात धरावी, म्हणजे ती पुन्हा घट्ट होते. मग वेष्टण पूर्णपणे काढावे. रुग्णाने डाव्या कुशीवर निजून डावा पाय सरळ व उजवा गुडघा पोटाकडे दुमडून घ्यावा. गोळी साध्या पाण्याने ओली करावी. तेल अथवा व्हॅसलिन लावू नये. त्याचा थर बसल्यास औषध अस्तरापर्यंत नीट पोहोचत नाही. रुग्णाने तोंडाने सावकाश श्वास सोडावा, त्याने स्नायू सैल पडतो, आणि त्याच वेळी गोळी बोटाने हळूच आत सरकवावी. प्रौढांत ती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे गुदद्वाराचा आवळलेला स्नायू ओलांडून जावयास हवी. अलीकडेच राहिली तर लगेच बाहेर येते.

आणि एक महत्त्वाची बाब, जी बहुधा सांगितली जात नाही. गोळी मळाच्या गोळ्यात खुपसू नये. ती आतड्याच्या भिंतीस टेकून बसली पाहिजे. बिसॅकोडिल भिंतीस लागल्याखेरीज काम करीत नाही. ‘दोन गोळ्या ठेवल्या तरी काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

गोळीचे कोणते टोक आधी घालावे, यावरही वैद्यकीय जगात वाद झालेला आहे. निमुळते टोक आधी, ही सर्वांस स्वाभाविक वाटणारी रीत. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध नियतकालिकात इजिप्तमधील डॉक्टरांनी बोथट टोक आधी घातल्यास गोळी सहज आत राहते, असे प्रतिपादन केले. पुढे त्या मतास भक्कम दुजोरा मिळालेला नाही. वेष्टणावरील सूचना पाळावी हे उत्तम. एवढ्यावरून कोणी चिंता करण्याचे कारण नाही.

गोळी ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे. लगेच वेग आल्यासारखे वाटते, परंतु तो बहुधा गोळीच्या स्पर्शाचा असतो. तत्काळ उठल्यास नुसती गोळीच बाहेर पडते. नंतर शौचास बसावे. उकिडवे बसण्याची आपली पद्धत येथे लाभदायक आहे, कारण त्या स्थितीत गुदाशयाचा बाक सरळ होतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे उंच कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली लहान पाट घ्यावा. एका तासात काही झाले नाही तर दुसरी गोळी लागलीच ठेवू नये, डॉक्टरांस विचारावे.

केव्हा वापरू नये

पोटात तीव्र दुखत असेल, उलट्या होत असतील, पोट फुगून ताठ झाले असेल व वायूही सरत नसेल, तर कोणतेही रेचक, मग ते तोंडाने असो वा गुदमार्गाने, घरच्या घरी देऊ नये. आतड्यास पीळ पडणे, अडथळा येणे अथवा आंत्रपुच्छाचा दाह यांची ही लक्षणे असू शकतात आणि रेचकाने आतडे फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ‘पोट साफ झाले की दुखायचे थांबेल’ या समजुतीने वाया गेलेले तास रुग्णास फार महाग पडतात.

सुजलेले वा रक्त वाहणारे मूळव्याध, गुदद्वारास पडलेली चीर, गुदमार्गाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया या अवस्थांत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गुदवर्ती घ्यावी. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच शौचाच्या सवयीत बदल झाला, मळातून रक्त जाऊ लागले, कारण नसता वजन घटले अथवा रक्तक्षय झाला, तर गुदवर्तीने तात्पुरते बरे वाटते म्हणून स्वस्थ बसू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी अशा वेळी आवश्यक असते, आणि त्या रोगात वेळीच निदान होण्यास फार महत्त्व आहे.

नित्य वापराविषयी एक-दोन शब्द. आठवडाभर रोज गुदवर्तीची गरज पडत असेल तर ते वैद्यकीय तपासणीचे कारण समजावे. रेचकांनी आतडी कायमची निकामी होतात ही जुनी भीती आज तितकीशी ग्राह्य मानली जात नाही. पण गुदवर्तीच्या आड थायरॉइडची न्यूनता, मधुमेह, कंपवात असे मूळ दुखणे झाकले जाऊ शकते. याउलट मज्जारज्जूस इजा झालेल्या रुग्णांचे उदाहरण घ्यावे. झाडावरून अथवा विहिरीत पडून, किंवा रस्त्यावरील अपघातात कमरेखालचे अंग लुळे झालेल्या माणसास वेगच जाणवत नाही. त्याच्यासाठी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी गुदवर्ती ठेवणे हा डॉक्टरांनी आखून दिलेल्या दिनक्रमाचाच भाग असतो. तेथे सवय लागेल ही भीती अस्थानी होय. मात्र इजा छातीच्या वरच्या भागात अथवा मानेत असेल तर गुदमार्गातील स्पर्शाने रक्तदाब अकस्मात चढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला तर लगेच थांबून रुग्णास उठवून बसवावे व डॉक्टरांस बोलवावे.

वृद्ध आणि बालके

अंथरुणास खिळलेल्या वृद्धांत एक फसवा प्रकार आढळतो. गुदाशयात मळाचा टणक गोळा अडून बसतो आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांस वाटते जुलाब लागले आहेत. मग जुलाब बंद होण्याचे औषध दिले जाते आणि गोळा अधिकच घट्ट होतो. वृद्ध मनुष्य अनेक दिवस नीट शौचास गेला नसून एकाएकी कपडे खराब होऊ लागले, तर ही शक्यता आधी तपासावी. असा गोळा केव्हा केव्हा गुदवर्तीने सुटतो, केव्हा एनिमा द्यावा लागतो, तर केव्हा परिचारिकेस हातमोजा घालून तो काढावा लागतो. या अवस्थेत इसबगोल देऊ नये. अडलेल्या वाटेत आणखी भर पडते. फॉस्फेटचा एनिमाही वृद्ध व मूत्रपिंडाच्या रुग्णांत जोखमीचा ठरू शकतो, म्हणून तो दवाखान्यातच द्यावा.

अंगावर पिणारे बाळ चार-पाच दिवस शौचास गेले नाही, तरी मळ मऊ असून बाळ हसतेखेळते व नीट पीत असेल तर काहीही करावयाचे नसते. परंतु नवजात बालकास जन्मानंतर दोन दिवसांत पहिला काळा मळ झाला नाही तर ते गंभीर समजून बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. तेथे गुदवर्ती देऊन वाट पाहत राहणे धोक्याचे आहे.

शाळकरी मुलांची गोष्ट निराळी. एकदा कठीण मळाने दुखले की मूल पुढच्या वेळी घाबरून वेग आवरते, पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते, मळ अधिक कठीण होतो आणि पुढे वृद्धांप्रमाणेच त्याच्याही कपड्यांस डाग लागू लागतात. वर्गातील मुले त्यास चिडवितात. काही वेळा शिक्षकही त्यास गलिच्छ ठरवून बाहेर उभे करतात. वस्तुतः त्या मुलास ते कळतही नसते. अशा मुलास वारंवार गुदवर्ती देणेही इष्ट नाही, कारण त्या जागेची त्याची भीती आणखी वाढते. बालरोगतज्ज्ञ बहुधा तोंडाने घ्यावयाचे मळ मऊ करणारे औषध काही महिने सुरू ठेवतात. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने प्रत्येक शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र प्रसाधनगृहे आवश्यक केली आहेत. ती तास चालू असताना कुलूपबंद असतील, अथवा ‘मधल्या सुट्टीत जा’ असा वर्गाचा शिरस्ता असेल, तर औषधाचा उपयोग निम्माच होतो.

साठवण

गुदवर्ती शरीराच्या उष्णतेने विरघळावी अथवा वितळावी अशाच रीतीने केलेली असते. तेव्हा ती उन्हाळ्यातही वितळणार. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून अधिक उष्मा असतो. शीतकपाट असल्यास त्यात, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, अन्यथा झाकणाच्या कोरड्या डबीत घालून पाण्याच्या माठाशेजारी ती ठेवावी. ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून कोकणातील पावसाळ्यात डबीचे झाकण घट्ट असावे. खाण्याच्या गोळ्यांच्या पुडीत ती कधीही ठेवू नये. डबीवर ठळक अक्षरांत ‘खायची नाही’ असे लिहावे. आणि घरातील ज्या व्यक्तीस वाचता येत नाही तिला ती डबी हातात देऊन एकदा सांगून ठेवावे.